कवडसे, थेंब, मांजर आणि चंद्र: हौशी फोटोग्राफीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी हौशी फोटोग्राफर. पोटापाण्याचा उद्योग वेगळा. कॅमेरा हातात येतो तो सकाळ-संध्याकाळच्या उरल्यासुरल्या वेळात. विषयही त्याच वेळेत मावणारे: खिडकी, पाण्याचा ग्लास, भिंतीवरच्या सावल्या, थेंब, घरातली काळी मांजर, अधूनमधून चंद्र. ओळखीची माणसं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केलेत. जिथे मला गोडी आहे तिथे उत्तरं लांबलीत, बाकी ठिकाणी दोन ओळींत उरकली आहेत.

घरात फोटो काढण्यासारखं काहीच नाही. सुरुवात कुठून करू?

खिडकीपासून. फोटोग्राफीची सुरुवातही तिथूनच झाली. कॅमेऱ्याने काढलेला, आज शिल्लक असलेला सर्वांत जुना फोटो म्हणजे फ्रान्समधल्या निसेफोर न्येप्सच्या घराच्या वरच्या खिडकीतून दिसणारी छपरं आणि भिंती. साल १८२६ किंवा १८२७. डांबरासारख्या पदार्थाचा थर दिलेला धातूचा पत्रा त्याने कॅमेऱ्यात कित्येक तास ठेवला. तेवढ्या वेळात सूर्य इकडचा तिकडे गेला, म्हणून त्या चित्रात समोरासमोरच्या भिंतींवर ऊन एकदमच पडलेलं दिसतं. इंग्लंडमधल्या हेन्री फॉक्स टॅल्बटने ऑगस्ट १८३५ मध्ये आपल्या घराची चौकडीची खिडकी टिपली. निगेटिव्ह जेमतेम इंचभर, पण शेजारी त्याने लिहून ठेवलंय की भिंगातून पाहिलं तर सुमारे २०० तावदानं मोजता येतात. विषय शोधायला दोघांनाही घराबाहेर पडावं लागलं नाही.

आता तुमचा पहिला धडा. काचेचा साधा ग्लास घ्या, अर्धा पाण्याने भरा आणि खिडकीजवळच्या टेबलावर ठेवा. खोलीतले दिवे बंद करा. हे महत्त्वाचं आहे, कारण दिव्याचा पिवळा उजेड आणि खिडकीचा निळसर उजेड एकत्र आले की रंगांचा विचका होतो. मग ग्लास तिथेच ठेवून तुम्ही फिरा. खिडकी तुमच्या पाठीशी असेल तर ग्लास सपाट, निर्जीव दिसतो. खिडकी बाजूला घेतली की एका कडेवर उजेडाची उभी रेघ येते, दुसरी कड काळी पडते आणि ग्लासला गोलाई येते. खिडकी ग्लासच्या मागे घेतली की पाणी पेटल्यासारखं दिसतं. पाण्यात खिडकी उलटी होते, डावी चौकट उजवीकडे जाते. ऊन थेट येत असेल तर टेबलावर ग्लासच्या सावलीच्या मधोमध एक झगझगीत वाकडी रेघ उमटते. मी निदान महिनाभर फक्त त्या रेघेचे फोटो काढत होते. घरच्यांनी काळजी व्यक्त केली होती.

कॅमेरा कोणता घ्यावा?

जो घरात आहे तो. मोबाइलही चालतो, फक्त त्याचं एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, हाताने कमी-जास्त कसं करायचं हे आधी शिका. पैसे खर्चच करायचे असतील तर लेन्सवर करा. ५० मिमीची साधी प्राइम (झूम न होणारी) लेन्स माझ्या कॅमेऱ्यावर वर्षानुवर्षं तशीच बसलेली आहे.

अॅपर्चर, शटर स्पीड आणि आयएसओ एकदाच नीट समजावून सांगा.

अॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक. एफ-नंबर हा भागाकार आहे: फोकल लेन्थ (लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा) भागिले भोकाचा व्यास. ५० मिमीच्या लेन्सला एफ/२ ला भोक २५ मिमी असतं, एफ/८ ला साधारण ६ मिमी. म्हणून आकडा वाढला की भोक लहान होतं. भागाकार आहे हे एकदा डोक्यात बसलं की पाठांतर लागत नाही. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ हे आकडे विचित्र वाटतात, पण प्रत्येक पायरीला व्यास १.४ पटीने कमी होतो आणि क्षेत्रफळ, म्हणजेच उजेड, बरोबर निम्मा. या पायरीला स्टॉप म्हणतात. शटर स्पीड (शटर किती सेकंद उघडं राहतं ते) आणि आयएसओही (आलेल्या उजेडाचा परिणाम किती वाढवायचा ते) याच स्टॉपच्या भाषेत बोलतात: १/१०० वरून १/२०० केलं तर एक स्टॉप उजेड गेला, आयएसओ ४०० वरून ८०० केला तर फोटो एक स्टॉप उजळ झाला.

म्हणजे हिशेब देवाणघेवाणीचा आहे. एका हाताने काढून घ्या, दुसऱ्या हाताने भरा. खरा प्रश्न उजेड कसा जुळवायचा हा नसतो, तो कॅमेरा स्वतःच जुळवतो. भोक मोठं करून मागचं धूसर करायचंय की लहान करून सगळं स्पष्ट ठेवायचंय, हलणारं गोठवायचंय की वाहू द्यायचंय, हे तुम्ही ठरवायचं.

मी दहापैकी नऊ वेळा अॅपर्चर प्रायॉरिटीवर असते: भोक मी ठरवते, शटर स्पीड कॅमेरा. मॅन्युअल मोडवर काढलं तरच खरी फोटोग्राफी, असं सांगणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांना मांजर पाळायला सांगते.

माझे फोटो हलतात. कॅमेऱ्यात दोष आहे का?

बहुधा नाही. आधी फोटो मोठा करून बघा की नेमकं काय हललंय. भिंत, टेबल, मांजर सगळंच एका दिशेला फरफटलेलं दिसत असेल तर तुमचा हात हलला. भिंत स्वच्छ आणि मांजरीची शेपटी तेवढी धूसर असेल तर मांजर हलली. आणि काहीच फरफटलेलं नाही, पण चेहरा मऊ आणि मागचा पडदा टोकदार असेल तर फोकस चुकला. तिन्हींना लोक “फोटो हलला” असंच म्हणतात, पण उपाय तीन वेगळे आहेत.

हातासाठी जुना नियम असा: शटर स्पीड एक भागिले फोकल लेन्थपेक्षा कमी नको. ५० मिमीला निदान १/५०, २०० मिमीला १/२००. सेन्सर (कॅमेऱ्यातली उजेड टिपणारी चिप) लहान असेल, म्हणजे क्रॉप फॅक्टर (सेन्सर किती पटीने लहान तो आकडा) १.५ असेल, तर त्या पटीने वाढवा. लेन्स किंवा कॅमेऱ्यात स्टॅबिलायझेशन असेल तर यापेक्षा बरंच खाली जाता येतं, पण ते फक्त तुमचा हात सावरतं, मांजरीला नाही. मांजरीसाठी १/२५० पासून सुरुवात करा. ती खेळत असेल तर १/१०००.

हलणं दर वेळी वाईटच असतं असंही नाही. १८३८ मध्ये लुई दागेरने पॅरिसच्या एका वर्दळीच्या रस्त्याचा फोटो काढला. एक्स्पोजर काही मिनिटांचं होतं, त्यामुळे चालती माणसं आणि गाड्या उमटल्याच नाहीत. रस्ता ओस दिसतो. उमटला तो एक माणूस, कारण तो बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा होता. गर्दीची जागा रिकामी दाखवायची असेल तर हीच युक्ती आजही चालते: ट्रायपॉड, गडद एनडी फिल्टर (लेन्ससमोर लावायची, उजेड कमी करणारी काच) आणि काही मिनिटांचं एक्स्पोजर.

पांढरी चादर करडी येते आणि काळी मांजरही करडीच. असं का?

कारण कॅमेऱ्याला चादरही माहीत नाही आणि मांजरही. त्याचा मीटर समोरून येणारा उजेड मोजतो आणि जे दिसेल ते मधल्या करड्याला नेऊन बसवतो. पांढऱ्याने चौकट भरली की त्याला वाटतं उजेड फार झाला, म्हणून तो अंधार करतो. काळ्याने भरली की उलटं.

उपाय म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, अधिक-उणे खूण असलेलं बटण. पांढऱ्यासाठी अधिक १ ते अधिक १.५, काळ्यासाठी उणे १. हे उलटं वाटतं खरं. पांढऱ्यात आणखी उजेड टाकायला मन धजत नाही. टाका. फक्त चादरीचे धागे दिसतायत ना तेवढं तपासा. ते गेले तर फोटो जळला, आणि जळलेला भाग नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये परत येत नाही.

काळ्या मांजरीचं आणखी एक. तिचा रंग टिपायचा प्रयत्न सोडा, तिची चकाकी टिपा. खिडकी तिच्या बाजूला किंवा किंचित मागे असेल तर पाठीवरच्या केसांवर उजेडाची किनार येते आणि त्या किनारीवरूनच मांजर ओळखू येते.

भिंतीवरच्या सावल्यांचे फोटो इतके का काढता?

माझा आवडता प्रश्न. सावलीला पैसे पडत नाहीत, ती पोज देत नाही आणि रोज वेगळी असते. शिवाय तिच्यात थोडं भूमितीचं कौतुक आहे.

सूर्य आपल्याला बिंदूसारखा दिसत नाही, साधारण अर्ध्या अंशाची तबकडी दिसतो. त्यामुळे सावलीची कड कधीच सुरीसारखी नसते. वस्तू भिंतीपासून जितकी लांब तितकी कड पसरते. एक मीटरवर तो पसारा सुमारे ९ मिमी होतो. झाडाची फांदी भिंतीला चिकटून असेल तर पानापानाची कोर मोजता येते. तीच फांदी तीन मीटर लांब असेल तर पाण्यात रंग सोडल्यासारखी सावली पडते. एकाच फोटोत जवळची टोकदार आणि लांबची विरघळलेली अशा दोन्ही सावल्या मिळाल्या की चपट्या भिंतीला खोली येते.

मग कवडसे. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, पण जमिनीवर पडणारे कवडसे गोल किंवा लंबगोल. कधी नीट बघितलंय? प्रत्येक कवडसा हे सूर्याचं चित्र आहे. लहान फट पिनहोल कॅमेऱ्यासारखं काम करते आणि समोरच्या तबकडीची प्रतिमा खाली पाडते. खंडग्रास सूर्यग्रहणात हेच सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. तेव्हा आकाशाकडे कॅमेरा रोखू नका, लेन्सवर सूर्यासाठीचा खास फिल्टर नसेल तर डोळा आणि सेन्सर दोन्ही धोक्यात, जमिनीकडे रोखा.

तांत्रिक बाजू सोपी आहे. एफ/८, कॅमेरा भिंतीशी काटकोनात, एक्स्पोजर भिंतीच्या उजेड भागावर बेतलेलं. सावली काळी झाली तर होऊ द्या, सावलीच ती. मोबाइलचा एचडीआर मात्र बंद करा. तो सावल्या उजळवून सगळी मजा घालवतो. आणि वेळ दवडू नका. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे दोन मिनिटांत सूर्य आपल्या तबकडीएवढा सरकतो. ट्रायपॉड आणायला आत गेलात की परत येईपर्यंत तिरीप दुसऱ्या विटेवर गेलेली असते.

पाण्याच्या थेंबात मागचं फूल दिसतं, तसा फोटो कसा काढायचा?

थेंब ही छोटी बहिर्वक्र लेन्स आहे. तिच्यातून मागची वस्तू उलटी दिसते. म्हणून फूल थेंबाच्या मागे, काही सेंटीमीटरवर, उलटं धरा. थेंबात ते सुलटं येईल. लोक चुकतात ते फोकसमध्ये. थेंबाच्या पृष्ठभागावर फोकस केला तर थेंबाची कड छान येते आणि आतलं फूल धूसर राहतं. आतल्या चित्रावर फोकस करा.

अडचण अशी की इतक्या जवळून फोकसची पट्टी फारच बारीक असते. वस्तू सेन्सरवर जेवढ्यास तेवढी उमटत असेल, म्हणजे मॅक्रोच्या भाषेत १:१, तर फुल फ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर एफ/८ लाही जेमतेम १ मिमी भाग स्पष्ट येतो. ऑटोफोकस इथे बावचळतो. मी तो बंद करते, लेन्स ठरावीक अंतरावर फोकस करून ठेवते आणि श्वास रोखून सगळा कॅमेराच केसभर मागेपुढे सरकवते. १०-१५ फोटो घेतले की एक लागतो. मॅक्रो लेन्स नसेल तर एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये बसवायची पोकळ नळी) किंवा ५० मिमीची लेन्स अडॉप्टरने उलटी लावणं, हे दोन्ही स्वस्तातले मार्ग आहेत.

पडता थेंब गोठवायचा असेल तर एक हिशेब करून बघा. ३० सेंमीवरून पडलेल्या थेंबाचा वेग सेकंदाला सुमारे २.४ मीटर होतो. १/१००० सेकंदातही तो २.४ मिमी सरकतो, म्हणजे फोटोत लांबट दिसणारच. इथे शटर नव्हे, फ्लॅश कामाला येतो. खोलीत अंधार करा आणि फ्लॅश सर्वांत कमी ताकदीवर ठेवा. त्याची चमक १/१०,००० सेकंदाहून छोटी असते आणि तेवढ्याच क्षणाचं चित्र उमटतं. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये शिकवणाऱ्या हॅरॉल्ड एजर्टनने दुधाच्या थेंबाचा मुकुट १९५७ मध्ये अशाच क्षणिक चमकेने टिपला होता. आपण नळाखाली वाटी ठेवायची. फरशी पुसायचं फडकं आधीच आणून ठेवा.

चंद्राचा फोटो म्हणजे पांढरा ठिपका येतो. काय चुकतं?

तुम्ही रात्रीचा फोटो काढताय, पण चंद्रावर दिवस आहे. त्यावर थेट ऊन पडलेलं असतं. कॅमेरा काळ्या आकाशाला पाहून एक्स्पोजर वाढवतो आणि चंद्र जळतो. मॅन्युअलवर जा: एफ/११, आयएसओ १००, शटर १/१००. पौर्णिमेला, आकाश स्वच्छ असताना हे आकडे जवळजवळ बरोबर बसतात. कोर असेल किंवा चंद्र क्षितिजाजवळ असेल तर एक-दोन स्टॉप वाढवा.

आकाराचा मात्र इलाज नाही. २०० मिमीच्या लेन्सने सेन्सरवर चंद्र जेमतेम १.८ मिमीचा उमटतो. म्हणून मी नुसता चंद्र सोडून दिला आहे. संधिप्रकाशात, आकाश अजून निळं असताना, झाडामागून वर येणारा चंद्र जास्त बोलका वाटतो. अष्टमीच्या सुमाराचा अर्धा चंद्र पौर्णिमेपेक्षा चांगला, कारण उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात.

एकदा रात्री अशाच चंद्राभोवतीच्या ढगांसाठी मी आयएसओ ६४०० केला आणि तसाच विसरले. दुसऱ्या दिवशी पहाटे धुक्यात कोळ्याची जाळी टिपली, दवाने लगडलेली, वारा नाही, सगळं जुळून आलेलं. घरी येऊन पाहिलं तर ४३ फोटो रवाळ. तेव्हापासून कॅमेरा बंद करायच्या आधी आयएसओ १०० वर आणायची सवय लागली. दात घासण्यासारखी.

दिव्याच्या उजेडात फोटोवर काळे आडवे पट्टे का येतात?

विजेचा प्रवाह सेकंदाला ५० किंवा ६० आवर्तनं करतो आणि बरेच दिवे त्याच्या दुप्पट वेळा, म्हणजे १०० किंवा १२० वेळा, लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, वेगवान शटरला कळतं. शटर १/५० किंवा १/६० वर आणा, पट्टे जातात. इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर मेकॅनिकलवर जा.

घरच्यांचे फोटो अवघडलेले येतात. चेहरेही विचित्र दिसतात.

अवघडलेले येतात कारण तुम्ही “हसा” म्हणता. काहीतरी काम करू द्या: सुईत दोरा ओवणं, बुटाची नाडी बांधणं, चष्मा पुसणं. माणूस हातांकडे बघायला लागला की चेहरा सैल सुटतो. मी कित्येकदा फक्त हातच टिपते.

विचित्र दिसतात कारण तुम्ही फार जवळ जाता. नाक कानापेक्षा कॅमेऱ्याला जवळ असतं. अंतर हातभर असेल तर तो फरक डोळ्यांत भरतो. दोन मीटर मागे या आणि झूम करा. लेन्सला दोष देऊ नका, चेहऱ्याची ठेवण अंतराने बदलते. आणि फोटो इतरांना दाखवण्याआधी त्या माणसाला विचारा, घरचा असला तरी.

रॉ की जेपीजी?

उजेड अवघड असेल तर रॉ, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल. जेपीजीत प्रत्येक रंगाच्या २५६ छटा मावतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. सावल्या उघडायच्या असतील, व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार केलेली रंगांची जुळवणी) नंतर बदलायचा असेल तर हा फरक कळतो. सहलीला, वाढदिवसाला जेपीजी पुरे.

सगळ्या फोटोंत एकाच जागी काळा डाग दिसतो.

सेन्सरवर धूळ आहे. एफ/१६ ला मोकळ्या आकाशाचा, मुद्दाम फोकस बिघडवून, एक फोटो काढा. जितके डाग तितके कण. एफ/२.८ ला तेच डाग पसरून गायब होतात, त्यामुळे ते महिनोन्‌महिने लक्षात येत नाहीत. फोटोत डाग वर असेल तर कण सेन्सरच्या खालच्या बाजूला आहे, कारण प्रतिमा उलटी पडते. रबरी पंपाने हवा मारा, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. मी उडवली आहे.

त्याच त्या खिडकीचा कंटाळा येत नाही का?

प्रागचा फोटोग्राफर योसेफ सूडेक १९४० ते १९५४ अशी चौदा वर्षं आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढत होता: दव धरलेली काच, बर्फाची नक्षी, पलीकडे बागेतलं वाकडं झाड. अमेरिकेत व्हरमाँटचा शेतकरी विल्सन बेंटली याने १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा पहिला फोटो काढला आणि पुढे आयुष्यभरात ५,००० हून जास्त काढले. मी त्यांच्या पासंगालाही पुरत नाही, पण खिडकीबाबत एक हिशेब माझाही आहे. टेबलावर पेन्सिलीने खुणा केल्या आहेत: दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळी आठ वाजता, चौकटीची सावली कुठवर येते. अकरा खुणा झाल्यात. एका महिन्याला नेमकं आभाळ होतं, त्या जागी रिकामं सोडलंय; पुढच्या वर्षी भरेन.